मधला माणूस

धान्याच्या पेठेत अडत्या, सोयरिकीत मध्यस्थ आणि नोकरीच्या बाजारात एजंट, ह्या तिघांवाचून आपल्याकडे फारसे काही जमत नाही. पहिल्या दोघांना आपले वाडवडील चांगले ओळखून होते. अडत्या किती अडत कापतो आणि मध्यस्थ नवऱ्या मुलाचा पगार कसा फुगवून सांगतो, हे घराघरांत ठाऊक असे. तिसऱ्याशी मात्र आपली ओळख अद्याप पुरती झालेली नाही, आणि ह्या अपुऱ्या ओळखीची किंमत आपल्या सीमाभागातील कित्येक घरे आज मोजीत आहेत. त्यांतील एका घराच्या बाबतीत माझाही दोष आहे. म्हणूनच ह्या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

निपाणीकडील एक बाई. पंचवीस वर्षे विड्या वळून त्यांनी संसार चालविला आणि थोरल्या मुलाला बेळगावच्या कॉलेजात घालून संगणकशास्त्राचा अभियंता केले. पदवी हाती आल्यावर मुलाने वर्षभर पुण्याच्या आणि बंगळूरच्या कंपन्यांकडे अर्ज पाठविले. होकार नाही, नकारही नाही. अखेरीस फोनवर एक गृहस्थ भेटला. मोठ्या कंपनीत जागा आहे, वर्षाला सहा लाखांचे पॅकेज आहे, नोंदणी आणि प्रशिक्षण मिळून चाळीस हजार भरावे लागतील, असे त्याने सांगितले. पाठोपाठ नेमणुकीचे पत्रही धाडले. रविवारी मिस्सा आटोपल्यावर बाई ते पत्र घेऊन मजकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘फादर, पैसं भरू का नको, तुम्हीच सांगा.’’

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो; नोकरीचे पत्र कसे वाचावे हे मात्र मला कोणी शिकविले नव्हते. पत्रावर कंपनीचे चिन्ह होते, खाली सही होती, इंग्रजीही निर्दोष होते. मी म्हणालो, ‘‘आक्का, मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. भरा.’’ त्यांनी बचत गटातून कर्ज काढले. पैसे पोचल्यानंतर आठ दिवसांत तो फोन कायमचा बंद पडला. मुलगा पत्र घेऊन बंगळूरला त्या पत्त्यावर गेला, तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने पत्र पाहूनच मान हलविली. असली पत्रे घेऊन येणारी मुले त्याने पूर्वीही पाहिली होती. त्या चाळीस हजारांत किती हजार विड्या आहेत, ह्याचा हिशेब मांडण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्याच आठवड्यात टिळकवाडीत सॉफ्टवेअरचा लहानसा व्यवसाय चालविणारे एक परिचित गृहस्थ भेटावयास आले. दहा-बारा माणसांचे त्यांचे कार्यालय. उद्यमबागेतील कारखान्यांना हिशेबाचे आणि मालसाठ्याचे प्रोग्रॅम लिहून देतात. त्यांचे गाऱ्हाणे नेमके उलटे होते. ‘‘फादर, माणूस मिळत नाही!’’ एका एजन्सीला त्यांनी हे काम सोपविले होते. एजन्सीने तीस अर्ज पाठविले. त्यांतील निम्म्या मुलांना जागा बेळगावात आहे हेदेखील सांगितलेले नव्हते. दोघांची निवड झाली. पहिल्याने जुन्या कंपनीची तीन महिन्यांची नोटीस संपेपर्यंत मुदत मागितली आणि त्या मुदतीत ह्यांचेच पत्र दाखवून जुन्या कंपनीकडून पगार वाढवून घेतला. दुसरा रुजू झाला; एजन्सीने हमी दिलेले नव्वद दिवस संपल्यावर थोड्याच दिवसांत निघून गेला. तोवर एजन्सीची फी देऊन झाली होती.

वाचकहो, एका बाजूस काम मागणारा, दुसऱ्या बाजूस माणूस मागणारा, आणि दोघांमध्ये अंतर अवघे पाऊणशे किलोमीटरांचे! दोघेही मला ठाऊक. तरीही ह्या दोघांची गाठ घालून द्यावी, हे तीन आठवडे माझ्या ध्यानात आले नाही. ह्याचे कारण शोधू लागलो तेव्हा असे दिसले की, मधल्या माणसावाचून नोकरी मिळतच नाही, अशी माझीही समजूत होऊन बसली होती.

मधला माणूस वाईटच असतो असे मात्र नव्हे. ज्याला शंभर कंपन्या ठाऊक आहेत आणि हजार मुले ठाऊक आहेत, तो योग्य मुलाला योग्य दारी नेऊन उभा करील तर ती मोठीच सेवा होय, आणि सेवेचा मोबदला त्याला मिळावयास हवा. परंतु मधला माणूस समोर आला की दोन प्रश्न विचारल्यावाचून राहू नये. ह्याला पैसे कोण देतो? आणि कशाबद्दल देतो? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्याचे सारे वागणे उलगडते.

हे प्रश्न निपाणीला नवे नाहीत. विड्यांच्या धंद्यात कारखानदार तंबाखू आणि पाने ठेकेदाराच्या हवाली करी. ठेकेदार ती घरोघर वाटी आणि वळलेल्या विड्या हजारांच्या हिशेबाने मोजून घेई. मोजताना काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जात. त्यांची मजुरी मिळत नसे. पाने अपुरी पडली तर बाईने ती पदरच्या पैशांनी आणावी. तक्रार करावी तर कारखानदार म्हणे, ह्या माझ्या कामगारच नव्हेत, ठेकेदाराला विचारा. आणि ठेकेदार म्हणे, मला वरून जेवढे मिळते तेवढेच मी देतो. काम करणारीला मालकाचा दर ठाऊक नसे. ठेकेदाराचे बळ ह्या अज्ञानातच होते.

१९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी संसदेने कायदा केला. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेला माल घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच होय, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. काही कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. तरीही कागदावरचा हक्क आपोआप घरी चालत येत नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांना त्यासाठी एकत्र यावे लागले. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ ह्या चित्रपट-गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली निपाणीस पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवतात.

त्याच १९८१ साली, त्याच महामार्गाच्या एका टोकास, पुण्यात सात अभियंत्यांनी ‘इन्फोसिस’ कंपनी स्थापन केली. १९८३ साली ती कंपनी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, बंगळूरला गेली. आज आपली मुले ह्याच रस्त्याने रात्रीच्या बसने कधी पुण्यास तर कधी बंगळूरला मुलाखतीसाठी जातात. बेळगावात १९७९ सालापासून अभियांत्रिकी कॉलेजे आहेत आणि १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणेही आहे. म्हणजे शिक्षण घराशेजारी, नोकरी मात्र रस्त्याच्या दोन टोकांना. असे अंतर पडले की मधला माणूस तेथे उगवतोच.

आता ते दोन प्रश्न ह्या नव्या ठेकेदाराला लावून पाहू. एजंटांचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार कंपनीसाठी माणूस शोधणाऱ्याचा. त्याला पैसे कंपनी देते. आपल्या देशात ही फी पुष्कळदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. मुलगा रुजू झाल्यावर आणि ठराविक मुदतीपर्यंत टिकल्यावर ती पूर्ण पचते. म्हणजे त्याला पैसे मिळतात ते जागा भरल्याबद्दल. मुलगा तेथे सुखी होईल की नाही, किंवा कंपनीचे काम वर्षभराने नीट चालेल की नाही, ह्याबद्दल नव्हे. हे ध्यानात घेतले म्हणजे टिळकवाडीच्या आमच्या मित्राकडे तीस अर्ज का आले, ह्याचा उलगडा होतो. एवढे दाणे फेकले तर एखादे पाखरू बसेल, हा त्याचा हिशेब.

दुसरा प्रकार माणूस आपल्याच पटावर ठेवून कंपनीला कामास देणाऱ्याचा. कंपनी एजन्सीला दरमहा एक रक्कम देते आणि तीतून एजन्सी मुलाला पगार देते. मधली रक्कम किती, हे काम करणाऱ्याला सहसा कळत नाही. मुलगा बसतो एका कंपनीत, त्याचे नाव दुसरीच्या वहीत, आणि काम संपले की दोघीही हात झटकतात. विड्यांचा ठेकेदार आणि हा, ह्यांत फरक कपड्यांचाच काय तो आहे.

तिसरा प्रकार नोकरी मागणाऱ्याकडूनच पैसे घेणाऱ्याचा. त्याला पैसे कोण देते? विड्या वळणारी आई देते. कशाबद्दल? आशेबद्दल. त्याची कमाई मुलगा नोकरीस लागण्याच्या आधीच होऊन गेलेली असते; मग नोकरी असो वा नसो, त्याचे काय बिघडते? म्हणून एक नियम घरातल्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे: नोकरी लावण्यासाठी जो आपल्याकडे पैसे मागतो, त्याच्यापाशी नोकरी नसते.

परदेशच्या नोकरीच्या बाबतीत तर फसवणूक पैशांवर थांबत नाही. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी आहे असे सांगून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते व तेथे त्यांना डांबून लोकांना फसविण्याच्या कामास जुंपले जाते, असा इशारा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले.

मोठ्या घरांतही हा रोग शिरू शकतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या नामांकित कंपनीत माणसे पुरविणाऱ्या एजन्सींकडून लाभ घेतल्याच्या तक्रारींची २०२३ साली चौकशी झाली. कंपनीची आर्थिक हानी झाली नाही, असे कंपनीने जाहीर केले; परंतु आचारसंहितेच्या भंगाबद्दल १६ कर्मचाऱ्यांना कामावरून काढले आणि सहा एजन्सींशी व्यवहार बंद केला. कंपनीने हे लपविले नाही, ही तिची शोभा होय. तथापि एवढ्या मोठ्या कारभारात जे घडू शकते ते आपल्या गावच्या व्यवहारात घडणार नाही, असे कोणी समजू नये.

आता पगाराविषयी थोडे. आपल्याकडे अजूनही कित्येक आईवडिलांची समजूत आहे की सॉफ्टवेअरमध्ये गेला म्हणजे मुलगा पालखीत बसला. अनुभवी आणि कुशल माणसाला तेथे खरोखरच भरघोस पगार मिळतो, ह्यात शंका नाही. परंतु नव्याने लागणाऱ्या मुलाचा पगार मोठ्या कंपन्यांत दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता, तो आजही साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतो आहे. ह्या काळात खोलीचे भाडे आणि खाणावळीचा दर कोठल्या कोठे गेला! दिलेला शब्दही दर वेळी टिकतो असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘विप्रो’ने साडेसहा लाख देऊ केलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू व्हाल का, असे विचारले होते.

शिवाय पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनीला त्या माणसापायी जो एकूण खर्च पडतो त्याला पॅकेज म्हणतात. समजा, पत्रावर वर्षाला ३,६०,००० रुपये लिहिले आहेत. आई बारांनी भागते आणि म्हणते, महिना तीस हजार. आता त्यातून काय वजा होते ते पाहा. मूळ पगार १५,००० धरला तर कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी १,८००. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२०, आणि ती कायम नोकरीत पाच वर्षे काढल्यावर मिळावयाची. वर्षाअखेर कामगिरी पाहून मिळेल न मिळेल असा भाग समजा महिना ३,०००. विम्याचे समजा ५००. राहिले २३,९८०. त्यातून मुलाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणखी १,८०० आणि पुण्यात असल्यास व्यवसायकर २००. हाती आले २१,९८०. निधीचे पैसे बुडत नाहीत हे खरे. पण खाणावळीचे बिल त्यांतून देता येत नाही. तेव्हा पत्र हाती आले की विचारावयाचे ते हेच: ‘‘महिन्याच्या अखेरीस माझ्या खात्यात किती जमा होतील, तेवढे लिहून द्या.’’ हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. पहिल्याच दिवशी विचारलेल्या ह्या प्रश्नाने पुढचे पुष्कळ मनस्ताप टळतात.

आमच्या तरुणांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. एजंट म्हणतो, दोन वर्षांचा अनुभव आहे असे लिही, कोण पाहतो? पाहणारे असतात. रुजू झाल्यानंतरही कंपन्या चौकशी करवून घेतात, आणि खोटे उघडकीस आले की नोकरी जाते व नावही जाते. तसेच एकाचे पत्र दुसऱ्यास दाखवून भाव वाढवून घेणे, आणि ज्याला शब्द दिला त्याला रुजू होण्याच्या दिवशी फोनसुद्धा न करणे, ह्याला कोणी हुशारी म्हणोत. आमच्या आज्या त्याला दिल्या वचनाला हरताळ फासणे म्हणत असत. त्या एका जागेसाठी आणखी कोणी तरी घरी वाट पाहत बसलेला असतो.

आणि मालकांनाही एक विनंती. माणूस मिळत नाही म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या जाहिरातीत पगाराचा आकडाच नसतो. ‘योग्यतेनुसार’ एवढेच लिहावयाचे आणि मुलाखतीत विचारावयाचे, ‘‘सध्या किती मिळतात?’’ म्हणजे कामाचे मोल कामावरून नव्हे, तर समोरच्याच्या गरजेवरून ठरणार! ज्याला आजवर कमी मिळाले त्याला पुढेही कमीच. आकडा आधी लिहिला तर ज्याला तो परवडत नाही तो येणार नाही, ज्याला परवडतो तोच येईल, आणि दोघांचाही वेळ वाचेल.

श्रमाच्या मोलाविषयी आपली ख्रिस्तसभाही मौन बाळगून राहिलेली नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रात सांगितले की, कामगाराने गरजेपोटी कमी मजुरी कबूल केली एवढ्यावरून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्याच परिपत्राची आठवण करून दिली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमाचा व श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे, असे सांगितले. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी तर सकाळपासून सायंकाळपर्यंत पाच वेळा स्वतः बाजारात गेला. मजुरी वाटण्यासाठी त्याने कारभाऱ्याला पुढे केले. परंतु माणसे बोलावण्यासाठी तो स्वतः गेला, आणि दिवस मावळता मावळताही रिकामे उभे असलेले लोक त्याला दिसले, ते त्यामुळेच. हा दृष्टांत मी किती तरी वेळा वाचून दाखविला आहे. त्यातील ही गोष्ट मात्र चाळीस हजार गेल्यावर माझ्या लक्षात आली.

असो. तीन आठवड्यांनी का होईना, मी त्या मुलाला घेऊन टिळकवाडीस गेलो. मी ओळख करून दिली आणि बाहेर जाऊन बसलो, कारण आत राहिलो असतो तर मीही मधला माणूसच झालो असतो. आमच्या मित्राने त्याला एक आठवडा काम देऊन पाहिले आणि त्या आठवड्याचे पैसेही दिले. मग कागदावर लिहून दिले: हाती दरमहा बावीस हजार, सहा महिन्यांनी काम पाहून अठ्ठावीस. सहा लाखांच्या स्वप्नापुढे हा आकडा लहान वाटतो खरा. पण तो दर महिन्याला खात्यात जमा होतो. मुलगा आणखी दोघांबरोबर खोली घेऊन बेळगावातच राहतो आणि शनिवारी घरी जातो.

पोलिसांत तक्रार झाली आहे. चाळीस हजारांपैकी एक रुपयाही अद्याप परत आलेला नाही. फसवणूक होताच १९३० ह्या क्रमांकावर कळविले असते तर पैसे अडविण्याची काही आशा होती, हे आम्हांला फार उशिरा समजले. बचत गटाचे नऊ हप्ते अजून बाकी आहेत. मी दिलेल्या सल्ल्याचे ते हप्ते म्हणून त्यांतील निम्मे मी भरीन म्हणालो. बाईंनी ऐकले नाही. म्हणाल्या, ‘‘फादर, तुम्ही पैसं नका भरू. पुढच्या बाईला नीट सांगा म्हणजे झालं.’’

त्यांच्या सांगण्याप्रमाणे हे लिहिले आहे. ज्या घरात असे पत्र आले असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी कॉलेजातील शिक्षकाला किंवा त्या व्यवसायातील एखाद्या जाणत्याला ते दाखवावे. पत्रावरच्या फोनवर नव्हे, तर कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता स्वतः शोधून तेथे चौकशी करावी. ज्या मालकाला माणूस हवा असेल त्याने जागेचे नाव, काम आणि पगाराचा आकडा लिहून आपापल्या धर्मग्रामात कळवावे. आमच्या देवळाच्या दाराशी फळ्यावर तो कागद फुकट लावला जाईल.